नवीन वर्षात प्राथमिक शाळेतल्या मुलांच्या घराने कोणती सवय सर्वांत आधी लावावी?

अक्षरवेल:
नमस्कार. माझी दोन मुले दुसरीत आणि चौथीत शिकतात. नवीन वर्ष तोंडावर आले की आमच्यासारख्या अनेक घरांत संकल्पांचा एक मोठा कागद भिंतीवर लागतो. लवकर झोपायचे, रोज मैदानावर जायचे, सगळ्या भाज्या खायच्या, मोबाइल कमी करायचा, दोन वेळा दात घासायचे आणि रोज वाचायचे, असे सगळे त्यावर एकाच वेळी लिहिलेले असते. जानेवारी सरेपर्यंत कागद भिंतीवर राहतो, पण त्याकडे पाहणे केव्हाच थांबलेले असते. माझे मत असे आहे की यात मुलांच्या इच्छाशक्तीचा दोष फार थोडा असतो. आपण मुलांना बदलायला निघतो आणि घराचे वेळापत्रक जसेच्या तसे ठेवतो, म्हणून संकल्प टिकत नाहीत.

यंदा पहिले दोन-तीन महिने एकच सवय धरावी आणि ती पक्की झाल्याशिवाय दुसरीकडे वळू नये, असे मनात आहे. ती सवय कोणती असावी आणि का, हे कृपया अनुभवाने सांगावे. घरात ती नेमकी कशी बसवली, हेही लिहिले तर जास्त उपयोग होईल.

निळीशाई:
मी प्राथमिक शाळेत शिकवते. माझे उत्तर झोप असे आहे, आणि त्याबाबत माझ्या मनात शंका नाही. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन या तज्ज्ञ संस्थेने २०१६ मध्ये सहा ते बारा वर्षांच्या मुलांना चोवीस तासांत ९ ते १२ तास झोप हवी असे सांगितले आहे. आता हा हिशेब शाळेच्या घड्याळाशी जुळवून पाहा. मूल सकाळी सव्वासहाला उठत असेल, तर किमान नऊ तासांसाठी त्याला रात्री सव्वानऊला गाढ झोप लागलेली असायला हवी, म्हणजे अंथरुणात ते पावणेनऊच्या सुमारास गेलेले हवे. बहुतेक घरांत त्या वेळी जेवणाची ताटे नुकतीच उचललेली असतात.

पालकांच्या सहसा लक्षात न येणारी एक गोष्ट येथे सांगते. झोप अपुरी झालेले मोठे माणूस पेंगते, लहान मूल मात्र अनेकदा उलट वागते. ते सारखे जागेवरून उठते, शेजाऱ्याच्या वहीवर रेघ ओढते, लहानशा गोष्टीवरून रडवेले होते आणि फळ्यावरचे वाक्य उतरवताना मधलाच शब्द गाळते. पालकसभेत अशा मुलाची चर्चा ‘लक्ष नसते’ या सदरात होते आणि रात्री ते किती वाजता झोपते हे विचारायचे राहून जाते. मी तो प्रश्न आता सर्वांत आधी विचारते.

मैदानवेडा:
निळीशाई, आपल्या अनुभवाबद्दल आदर आहे, पण क्रम उलटा असावा असे मला वाटते. खेळ आधी. दिवसभर बाकावर आणि संध्याकाळी सोफ्यावर बसलेल्या मुलाला पावणेनऊला अंथरुणात घातले, तरी ते तासभर छताकडे पाहत पडणार. शरीर दमले की झोप आपोआप येते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी आठवड्याचा हिशेब धरता दिवसाला सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरकस हालचाल करावी, आणि आठवड्यातून किमान तीन दिवस धाप लागेल असे तसेच स्नायू व हाडे बळकट करणारे काही असावे. हिशेब सरासरीचा असल्याने एखादा दिवस चुकला तर बिघडत नाही, आणि तास सलग असण्याचीही गरज नाही. शाळेत जाता-येता चालणे, मधल्या सुट्टीतली पळापळ आणि संध्याकाळचा अर्धा तास मिळून तो सहज भरतो. स्कॉटलंडमधील स्टर्लिंग येथील एका प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका एलेन वायली यांनी २०१२ मध्ये ‘डेली माइल’ हा उपक्रम सुरू केला. मुलांनी रोज पंधरा मिनिटे आपापल्या वेगाने बाहेर धावायचे किंवा चालायचे, एवढाच तो आहे. त्यासाठी वेगळा गणवेश लागत नाही, साहित्य लागत नाही आणि स्पर्धाही नसते. तो अनेक देशांत पसरला, याचे कारण मला त्याच्या साधेपणात दिसते.

चांदणवाट:
दोन्ही प्रतिसाद पटले. धागा वाचनखुणांत साठवला आहे.

रातराणी:
येथे एक अडचण मांडते, कारण वेळेचे हे हिशेब वाचताना ती कोणी विचारात घेतलेली दिसत नाही. मी साडेआठला घरी पोहोचते. मुलगी पहिलीत आहे. ती दिवसभर आजीपाशी असते आणि मी आले की तिला सगळे सांगायचे असते. पावणेनऊला तिला झोपवायचे म्हणजे तिच्या वाट्याला आईची पंधरा मिनिटे येणार. झोपेचे महत्त्व मला कळते, पण या वयातल्या मुलाला आई-वडिलांचा सहवासही आरोग्याइतकाच लागतो. फिरत्या पाळीत काम करणाऱ्या घरांना ‘लवकर झोपवा’ हा सल्ला सोपा वाटत नाही.

निळीशाई:
रातराणी, तुमचा मुद्दा रास्त आहे, आणि माझ्या वर्गात अशी कित्येक मुले आहेत. त्यांच्यापैकी काही घरांनी केलेली व्यवस्था सांगते. मुलाने जेवणासाठी उशिरा येणाऱ्या पालकाची वाट पाहायची नाही. जेवण, दप्तर भरणे, गणवेश काढून ठेवणे आणि दात घासणे हे सगळे आजी-आजोबांबरोबर आधीच उरकते. पालक घरी आले की उरलेला वेळ पूर्णपणे बोलण्याचा असतो, त्यात ‘गृहपाठ झाला का’ हा प्रश्नही येत नाही. शिवाय एकत्र बसून खाण्याची वेळ सकाळी ठेवली जाते. रात्री लवकर झोपलेले मूल सकाळी वीस मिनिटे आधी उठते आणि ती वीस मिनिटे रात्रीच्या तासाभरापेक्षा शांत जातात. प्रत्येक घराला हे जमेलच असे नाही, पण सहवास आणि झोप यांत निवड करण्याची वेळ दरवेळी येत नाही.

दंतमित्र:
मी दंतवैद्य आहे. झोप मोठी की खेळ मोठा, या चर्चेत मला पडायचे नाही. लावायला सर्वांत सोपी आणि न लावल्यास कायमचे नुकसान करणारी सवय म्हणजे रात्रीचे दात घासणे, एवढेच सांगायचे आहे. झोपेत लाळ कमी स्रवते, त्यामुळे रात्री दातांवर राहिलेल्या अन्नाचे आम्ल धुऊन जात नाही.

प्राथमिक शाळेच्या वयात याला विशेष महत्त्व आहे. साधारण सहाव्या वर्षी पहिली कायमची दाढ येते. ती कोणत्याही दुधाच्या दाताच्या जागी येत नसून दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे येते. दात पडलेला नसल्याने घरात कोणाला पत्ताही लागत नाही, आणि पुढे कळले तरी तो दुधाचाच दात समजून दुर्लक्ष होते. ही दाढ मुलाला आयुष्यभर वापरायची असते. हिरडीतून वर येताना ती काही महिने बाकीच्या दातांच्या पातळीखाली असते, त्यामुळे नेहमीसारखा आडवा फिरवलेला ब्रश तिच्यावरून निघून जातो आणि तिच्या खोल खाचांत अन्न तसेच राहते. म्हणून गालाच्या बाजूने ब्रश आत घालून तेवढ्या एका दाढेवर वेगळा फिरवावा. सात-आठ वर्षांपर्यंत मुलाने घासल्यावर मोठ्यांनी एकदा ब्रश हातात घ्यावा, कारण मुलाचा हात तोवर तितका वळत नाही. पेस्ट फ्लोराइडयुक्त असावी, सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढीच घ्यावी, आणि घासून झाल्यावर थुंकावी, पण लगेच भरपूर पाण्याने चूळ भरू नये.

अक्षरवेल:
दंतमित्र, मनापासून आभार. आत्ताच मुलांचे तोंड उघडून पाहिले. धाकट्याच्या खालच्या बाजूला दोन्हीकडे ती दाढ आली आहे आणि एक अजून अर्धी हिरडीखाली आहे.

गणितप्रेमी:
सवय कोणतीही निवडा, पण ती मोजायला हवी. आमच्याकडे तक्ता आहे. ठरलेले काम झाले की मुलगा चांदणीची चिकटपट्टी लावतो आणि ठरावीक चांदण्या जमल्या की त्याला आवडीचे काही मिळते. तक्ता लावल्यापासून सकाळची ओढाताण थांबली आहे.

सांजसावली:
चांदण्यांच्या तक्त्याबद्दल मला सावधपणे बोलायचे आहे. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग बालमानसशास्त्रात फार महत्त्वाचा मानला जातो. चित्रे काढायला मुळातच आवडणारी लहान मुले त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितले की चित्र काढले तर बक्षीस मिळेल, काहींना चित्र काढून झाल्यावर अनपेक्षितपणे बक्षीस दिले आणि काहींना काहीच दिले नाही. पुढे मोकळ्या वेळेत पाहिले, तेव्हा बक्षिसाच्या आशेने चित्र काढलेली मुले इतरांच्या साधारण निम्माच वेळ चित्रांकडे वळली. ज्यांना अनपेक्षित बक्षीस मिळाले होते, त्यांची आवड टिकून होती.

म्हणून मुलाला आधीच आवडणाऱ्या गोष्टीला, म्हणजे वाचन, खेळ किंवा चित्रे यांना बक्षीस लावू नये, असे मला कळकळीने वाटते. ‘दहा पाने वाचलीस तर’ असे म्हटले की वाचन हे सोसायचे काम ठरते.

गणितप्रेमी:
सांजसावली, प्रयोग महत्त्वाचा आहे, पण त्याची मर्यादा आपणच लिहिली आहे. तो आवडीच्या कामाबद्दल आहे. दात घासणे किंवा दप्तर भरणे कोणत्या मुलाला मुळात आवडते? तेथे जी आवड नाहीच, ती बक्षिसाने कमी कशी होणार? अशा कामांची सुरुवात तक्त्याने करावी आणि ते अंगवळणी पडले की तक्ता काढून घ्यावा. वाचनाला मात्र चांदण्या लावू नयेत, हे मला मान्य आहे, आणि आमच्या तक्त्यात वाचन नाही.

सांजसावली:
मग आपल्यात मतभेद फारसा उरत नाही. एकच सुचवते. तक्ता मुलाच्या नावाचा न ठेवता घराचा ठेवावा. त्यात आईची आणि बाबांची ओळही असावी आणि मुलानेही त्यांची चांदणी लावावी. मोठ्यांनी मोबाइल उशाशी ठेवायचा आणि मुलाला टीव्ही बंद करायला सांगायचे, ही विसंगती सात वर्षांच्या मुलाला लगेच दिसते.

पाऊलखुणा:
आता कोणीतरी ‘२१ दिवसांत सवय लागते’ असे लिहील, त्याआधीच लिहून ठेवतो. हा आकडा मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० मधील लेखनातून पसरला. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला बदललेल्या रूपाची सवय व्हायला किमान तेवढे दिवस जातात, असे त्यांचे निरीक्षण होते. घरातल्या सवयींशी त्याचा संबंध नव्हता. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ प्रौढांवर केलेल्या अभ्यासात एखादी कृती आपसूक होऊ लागायला सरासरी ६६ दिवस लागले आणि अंतर १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होते. पेलाभर पाणी पिण्यासारखी सोपी सवय लवकर लागली, व्यायामाची उशिरा. एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही, हा निष्कर्ष मला पालकांसाठी सर्वांत मोलाचा वाटतो. पाहुण्यांमुळे एक रात्र जागरण झाले की ‘आता मोडलेच’ म्हणून सगळे सोडून देण्याची गरज नाही. अभ्यास प्रौढांचा आहे, मुलांचे आकडे वेगळे असू शकतात. तरी अक्षरवेल यांनी दोन-तीन महिने एकच सवय धरायचे ठरवले आहे, ते योग्यच आहे.

दूरदृष्टी:
मैदानवेडा यांच्या बाजूने एक भक्कम पुरावा देतो, आणि तो डोळ्यांचा आहे. चीनमधील ग्वांगझू शहरातील बारा प्राथमिक शाळांत पहिलीच्या मुलांवर एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्या शाळांनी रोज ४० मिनिटांचा एक बाहेरचा तास वाढवला. तीन वर्षांनंतर त्या शाळांतल्या ३०.४ टक्के मुलांना नव्याने लघुदृष्टी (म्हणजे दूरचे अंधुक दिसणे) आली होती, तर बाकीच्या शाळांत हे प्रमाण ३९.५ टक्के होते. यामागे दिवसाचा प्रखर उजेड हे मुख्य कारण मानले जाते. घरातला दिवा आपल्याला कितीही लख्ख वाटला, तरी बाहेरचा उजेड त्याच्या कित्येक पटींनी जास्त असतो. म्हणजे खेळ बंद सभागृहात झाला तर शरीराला फायदा होतो, पण डोळ्यांना हा लाभ मिळत नाही. सूर्याकडे थेट पाहू नये आणि कडक उन्हात टोपी घालावी, हे ओघाने आलेच.

याच उजेडाचा झोपेशीही संबंध आहे. सकाळच्या उजेडाने रात्री झोप येण्याची वेळ अलीकडे येते आणि रात्रीच्या उजेडाने ती लांबते. त्यामुळे झोप आणि मैदान हे दोन वेगळे पक्ष नाहीत, असे मला वाटते.

रातराणी:
मग स्क्रीनचे काय? कोणी किती मिनिटे, हा आकडा देऊ शकेल का?

दूरदृष्टी:
सहा वर्षांवरील मुलांसाठी अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने २०१६ च्या शिफारशीत मिनिटांचा एकच आकडा दिलेला नाही. झोप, हालचाल, अभ्यास आणि घरच्यांचा सहवास यांची जागा स्क्रीनने घेऊ नये, मर्यादा ठरलेली आणि रोज सारखी असावी, आणि झोपण्यापूर्वीचा तास स्क्रीनविना जावा, असे तिचे सार आहे. आम्ही मिनिटे मोजत नाही, जागा ठरवून दिली आहे. सगळे चार्जर बाहेरच्या खोलीत एका पट्टीला लावलेले आहेत आणि आठनंतर घरातले सगळे फोन तेथेच असतात. झोपायच्या खोलीत चार्जरच नसल्यामुळे रोजचा वाद उद्भवत नाही.

हिरवाई:
अन्नाचा विषय अजून आला नाही, म्हणून लिहिते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सहा ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला किमान ३५० ग्रॅम आणि दहा वर्षांपासून पुढे किमान ४०० ग्रॅम भाज्या व फळे सांगितली आहेत. वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी, असे तिने २०१५ मध्येच सांगितले होते, आणि त्या साखरेत मध व फळांच्या रसातली साखरही धरली आहे. दिवसाला १६०० कॅलरी लागणाऱ्या मुलासाठी ही कमाल मर्यादा ४० ग्रॅम, म्हणजे साधारण दहा लहान चमचे होते, आणि पाच टक्क्यांच्या आत राहिल्यास अधिक चांगले. रसाऐवजी अख्खे फळ आणि गोड पेयाऐवजी पाणी, या दोन बदलांनीच यातला मोठा भाग सुटतो.

मात्र ताटावरून भांडू नये. काय, कधी आणि कुठे वाढायचे ते मोठ्यांनी ठरवावे, आणि त्यातले किती खायचे ते मुलाने ठरवावे, ही आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी मांडलेली विभागणी मला फार उपयोगी वाटते. नवी भाजी आवडायला ती दहा-पंधरा वेळाही समोर यावी लागते, आणि दरवेळी एक घास पुरेसा असतो. पहिल्या दोन वेळा तोंड वाकडे केले म्हणून ‘हिला ही आवडत नाही’ असा शिक्का मारू नये. ‘भाजी संपव, मग गोड मिळेल’ असे म्हटले की भाजी हा दंड आणि गोड हा मान ठरतो.

चांदणवाट:
हिरवाई यांच्या प्रतिसादात एक भर घालते. नवीन वर्षात मोठी माणसे स्वतःच्या वजनाबद्दल सतत बोलतात आणि तिसरी-चौथीतल्या मुली ते लक्षपूर्वक ऐकत असतात. मुलांसमोर कोणाच्याही शरीराबद्दल, स्वतःच्या सुद्धा, बोलू नये. बदल करायचाच असेल, तर ‘ताकद येण्यासाठी’, ‘छान झोप लागण्यासाठी’ असे म्हणावे. मुलाच्या वाढीबद्दल खरोखर काळजी असेल, तर मुलाच्या अपरोक्ष बालरोगतज्ज्ञांशी बोलावे.

सांजसावली:
अवांतर: रात्रीच्या कामांच्या क्रमात शेवटी मोठ्याने वाचून दाखवणे ठेवा. मुलाला स्वतः वाचता येऊ लागले की पालक हे थांबवतात, पण चौथीतली मुलेही ते आनंदाने ऐकतात, आणि अंथरुणात जाण्यासाठी त्यांना ओढावे लागत नाही.

अक्षरवेल:
सर्वांचे आभार. मूळ प्रश्नाकडे वळते. आम्ही झोप निवडत आहोत. कारण असे की झोपेची वेळ ठरवली की जेवण, फोन, दात आणि वाचन यांच्या वेळा तिच्या मागोमाग आपोआप ठरतात. दुसरी कोणतीही सवय धरली, तर बाकीचे घर तसेच राहते. मुले सध्या दहाच्या पुढे झोपतात, म्हणून अंथरुणाची वेळ दर तीन-चार दिवसांनी पंधरा मिनिटांनी अलीकडे आणू. आमच्या दोघांचे फोनही बाहेरच्या खोलीत राहतील. सुट्टीच्या दिवशी किती सूट द्यावी आणि अंथरुणात पडूनही झोप लागली नाही तर काय करावे, एवढे दोन प्रश्न उरतात.

निळीशाई:
सुट्टीच्या दिवशी उठण्याच्या वेळेत तासाभरापेक्षा जास्त फरक पडू देऊ नये, नाहीतर रविवारी रात्री झोप लागत नाही आणि सोमवारचा पहिला तास वाया जातो. झोप आली नाही, तरी मंद उजेडात शांत पडून राहण्याला हरकत नाही. ‘झोप, झोप’ असे म्हणून मागे लागू नये. मात्र मूल रोज घोरत असेल, तोंडाने श्वास घेत असेल किंवा श्वास मध्येच थांबल्यासारखा वाटत असेल, तर वेळापत्रकाने ते सुटणार नाही. त्यामागे वाढलेले टॉन्सिल किंवा ॲडिनॉइड (नाकाच्या मागच्या बाजूच्या गाठी) असू शकतात, त्यामुळे डॉक्टरांना दाखवावे.

रातराणी:
आजीशी आज बोलले. जेवण सव्वासातला आणि दात घासणे मी येण्याआधी, असे ठरले. अंथरुणाची वेळ नऊ केली आहे. पावणेनऊ आम्हाला जमणार नाही, पण सध्याच्या पावणेदहापेक्षा ती बरी आहे. सकाळचा नाश्ता मी आणि मुलगी बरोबर करणार आहोत.

मैदानवेडा:
झोप आधी, हे मान्य करतो, पण अक्षरवेल, संध्याकाळचा खेळ काढून तो वेळ झोपेच्या तयारीला देऊ नका. शाळेतून आल्यावर काही खाऊन लगेच बाहेर सोडा, उजेड असतानाच खेळू द्या, आणि गृहपाठ खेळानंतर घ्या. आधी गृहपाठ घेतला की तो लांबतो आणि तोवर अंधार पडलेला असतो.